जुनी पेटी परत करावयाची असल्यास

संगीत शिकूं इच्छिणाऱ्या मुलासाठीं जुनी बाजाची पेटी विकत घेण्यांत कमीपणा नाहीं. पण घरीं आल्यावर ती सदोष निघाली तर? १९३० चा मालविक्रीचा कायदा सांगतो कीं, वर्णनावरून घेतलेला माल विक्रीयोग्य असावा, ही जबाबदारी त्या मालाच्या व्यापाऱ्याची. मात्र गिऱ्हाइकानें माल तपासला असल्यास, त्या तपासणींत दिसावयास हवा होता असा दोष त्याला मागाहून पुढें करतां येत नाहीं. म्हणून दुकानांतच मुख्य खुंट्या उघडून भाता भरावा आणि एकही पट्टी न दाबतां थांबावें. सूर आपोआप उमटला, तर पट्टी नीट मिटत नाहीं. भाता मुकाट्यानें भराभर बसला, तर वारा गळत आहे. (घरीं पावसाळ्यांत लाकूड फुगून पट्टी अडकली, तर त्याचें खापर दुकानदारावर फोडूं नये.)

दडलेला दोष मागाहून कळल्यास, बाळांनो, पेटी दुसऱ्या कारागिराकडून उघडवूं नका. पावतीचा दिनांक व दोष लिहून वडिलांकरवीं दुकानदारास लगेच कळवा. संकोचानें आठवडे दवडणारे पालक पुष्कळ. पण न कळवितां वाजवी मुदतीपलीकडे ठेवून घेतलेला माल स्वीकारला, असेंच कायदा समजतो. दुकानदारानें दाद न दिल्यास २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आंत तक्रार करतां येते.