नगरपालिकेचे काम घ्यावे, पण हिशेब करून

शहरातील गटार, पदपथ, बागेचे कुंपण, समाजमंदिराची दुरुस्ती, पथदिवे ही सारी कामे नगरपालिका किंवा महानगरपालिका ठेकेदारांकडून करून घेते. आपल्या समाजात गवंडी, फॅब्रिकेटर, वायरमन, प्लंबर, रंगारी असे कसबी कारागीर पुष्कळ आहेत. त्यांच्यापैकी अनेक तरुण वर्षानुवर्षे दुसऱ्याच्या हाताखाली उपठेक्यावर राबतात आणि एक दिवस स्वतःच्या नावावर निविदा भरतात. ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु पहिल्याच कामात भांडवल अडकून बसलेले तरुणही आपण पाहतो. काम चांगले झालेले असते, चूक असते ती हिशेबाची. म्हणून आज आपण या व्यवहाराचा अभ्यास करू.

पैसा कोठून येतो?

७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून अमलात आली. तिच्यासोबत आलेल्या बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांसाठी १८ विषय दिले आहेत. रस्ते, पाणीपुरवठा, स्वच्छता, बागा व क्रीडांगणे, पथदिवे हे त्यांतलेच. पण प्रत्येक कामाचे वजन सारखे नसते. मुंबईचा १८८८ चा कायदा घ्या की नगरपरिषदांचा १९६५ चा, दोन्हींत काही कर्तव्ये बंधनकारक आहेत तर काही ऐच्छिक. पाणी, सफाई, गटारे बंधनकारक, उद्याने ऐच्छिक. तिजोरीत चणचण असली की आधी पगार, पाणी व सफाई यांचा खर्च भागवला जातो आणि बागेच्या कामाचे बिल थांबू शकते.

उत्पन्नाची बाजूही पाहा. पूर्वी जकातीचा पैसा रोज नाक्यावर जमा होत असे. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि मुंबईतील जकातही संपली. आता मालमत्ता कर, बांधकाम परवानगीचे शुल्क आणि शासनाकडून येणारी रक्कम यांवर मोठी भिस्त असते. ही रक्कम लांबली की ठेकेदाराचे बिलही लांबते.

एका कामाचा हिशेब

समजा, बागेतील पायवाट व कुंपणाचे काम आहे. अंदाजित रक्कम जीएसटी सोडून १०,००,००० रुपये. काम मिळावे म्हणून आपण १२ टक्के कमी दर भरला, म्हणजे ८,८०,००० रुपये. माल व मजुरी मिळून खर्च आला ८,००,००० रुपये. वरवर पाहता ८०,००० रुपये सुटले. आता बिलातून काय कापले जाईल ते मांडू.

१) सुरक्षा अनामत ५ टक्के धरली तर ४४,००० रुपये.
२) प्राप्तिकराची कपात (वैयक्तिक मालकीच्या धंद्यास १ टक्का) ८,८०० रुपये.
३) जीएसटीची कपात (ठेका अडीच लाखांवर असल्यास २ टक्के) १७,६०० रुपये.
४) कामगार कल्याण उपकर १ टक्का, ८,८०० रुपये.

एकूण कपात ७९,२०० रुपये. हाती आले ८,००,८०० रुपये. म्हणजे खर्च वजा जाता खिशात उरले फक्त आठशे!

यातील प्राप्तिकर व जीएसटीची कपात विवरणपत्र भरल्यावर वळती करून घेता येते. अनामत दोष दुरुस्तीची मुदत संपल्यावर परत मिळते. ही मुदत कामानुसार एक ते अनेक वर्षांची असू शकते. उपकर मात्र गेला तो गेला. म्हणजे खरा नफा ७१,२०० रुपये, आणि तोही पुढे केव्हातरी.

आता वेळेची किंमत धरा. हेच आठ लाख आपल्या दुकानात दरमहा दीड टक्का, म्हणजे १२,००० रुपये मिळवून देत असतील आणि बिल सहा महिने रखडले, तर ७२,००० रुपयांची कमाई बुडाली. सारा नफा गेला, वर आठशे रुपये तोटा! शिवाय अशा कामावर सामान्यतः १८ टक्के जीएसटी लागतो. तो नगरपालिका वेगळा देत असली तरी एकदा कर-बीजक निघाले की पैसे हाती आले नाहीत म्हणून आपली करभरणा थांबत नाही.

निविदा भरण्यापूर्वी

पहिली गोष्ट, या कामासाठी अंदाजपत्रकात तरतूद आहे का आणि कोणत्या लेखाशीर्षातून, याची चौकशी करा. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते, हे ध्यानात ठेवा.

दुसरी, त्याच शीर्षाखालील मागची बिले किती दिवसांनी निघाली ते विचारा. तोंडी उत्तर मिळाले नाही तर २००५ च्या माहितीच्या अधिकाराचा कायदा आहे. दहा रुपयांच्या शुल्कात अर्ज करता येतो व साधारणपणे ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक असते.

तिसरी, दर पाडण्याची शर्यत लावू नका. फार खालचा दर भरल्यास जादा अनामत भरावी लागते, आणि मग तोटा भरून काढण्यासाठी सिमेंटमध्ये हात आखडतो. ती पायवाट आपल्याच वस्तीतील मुले व म्हातारी माणसे वापरणार असतात.

चौथी, जमिनीत गाडले जाणारे काम झाकण्यापूर्वी अभियंत्याकडून मोजमाप पुस्तिकेत नोंद करून घ्या. नोंद नसेल तर त्या कामाचे पैसे मागणे फार कठीण जाते. जादा काम सांगितले तर लेखी आदेश घेतल्याशिवाय हात लावू नका.

पाचवी, आपण माल तयार करून पुरवणारे सूक्ष्म किंवा लघु उत्पादक असाल तर आधी उद्यम नोंदणी करा. २००६ च्या कायद्याने खरेदीदाराने जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावयाचे असतात आणि न दिल्यास परिषदेकडे दाद मागता येते. मात्र केवळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यास ही नोंदणी कर्जाच्या सवलतीपुरतीच उपयोगी आहे. बांधकामाच्या ठेक्याला हा कायदा लागू होत नाही, असे निर्णय मुंबई उच्च न्यायालयानेही दिले आहेत. या संरक्षणाच्या भरवशावर ठेका घेऊ नका.

थोडक्यात, जे भांडवल सहा-आठ महिने परत आले नाही तरी घरचा खर्च व मजुरांची मजुरी अडणार नाही, तेवढ्याच रकमेचे काम घ्यावे. पहिले काम लहान घ्या, वेळेत पूर्ण करा आणि त्याचा पूर्णत्वाचा दाखला जपून ठेवा. पुढच्या मोठ्या निविदेत तोच कामी येतो.