लगाम, लायनर आणि ७,२५० रुपये



आजचं वाचन कठोपनिषदातलं, पहिल्या अध्यायाची तिसरी वल्ली. यमधर्म नचिकेताला रथाचं रूपक सांगतो. शरीर हा रथ, आत्मा रथाचा स्वामी, बुद्धी सारथी, मन म्हणजे लगाम आणि इंद्रियं म्हणजे घोडे. तुमच्यापैकी बहुतेकांनी हे कुठल्या ना कुठल्या प्रवचनात ऐकलंय, आणि ऐकताना आपलं लक्ष घोड्यांवरच जातं. घोडे उधळतात, विषयांकडे धावतात वगैरे. या वेळी मात्र मी लगामापाशी अडकलो. त्या रथाला वेगळा ब्रेक नाही. थांबवायचं काम लगामाचंच, आणि लगाम चामड्याचा. तो उन्हापावसात वाळतो, झिजतो, वेळच्या वेळी तेल लावलं नाही तर कडक होऊन तुटतो. सारथी कितीही शहाणा असू दे, तुटलेल्या लगामाने तो काय थांबवणार?

हे सुचण्याचं कारण अगदी घरगुती आहे. कुरुंद्याच्या माझ्या मामेभावाने, म्हणजे दादाने, गॅरेजच्या कागदाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला आणि खाली एवढंच लिहिलं, "हे बग रे जरा, एवढं लागतं का?"

ज्यांना कुरुंदा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. हिंगोली जिल्ह्यातलं, वसमत तालुक्यातलं हे मोठं गाव. टोकाईचा गड इथलाच, टोकाई साखर कारखानाही इथलाच. आजूबाजूला ऊस, केळी आणि मुख्य म्हणजे हळद. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ती हीच. शिजवून, वाळवून, पॉलिश केलेली हळद पोत्यात भरून बाजाराला जाते ती अशाच पिकअपमधून. दादाकडे जुनी बोलेरो पिकअप आहे, दीड-पावणेदोन टन भरणारी. त्या गाडीवर घर चालतं.

कागदावरचा हिशेब असा होता. पुढच्या डिस्क पॅडचा सेट १,६००, मागच्या ब्रेक शूचा सेट १,४००, मागचे दोन व्हील सिलिंडर १,३००, दोन ऑइल सील ४००, दोन्ही ड्रम लेथवर टर्निंग करायचे ६००, ब्रेक ऑइल एक लिटर ४५०, मजुरी १,५००. एकूण ७,२५०. तुमच्या गावात, तुमच्या मॉडेलला, तुम्ही घ्याल त्या कंपनीला हे आकडे बदलतील, तेव्हा हा भाव कुठे दाखवून भांडू नका!

दादाचं म्हणणं, पॅड आणि शू टाकू, मजुरी ८०० होईल, ३,८०० मध्ये काम भागवू. बाकीचं दिवाळीनंतर. आणि हे म्हणणं हावरटपणाचं नव्हतं. नांदेडच्या एका फेरीत डिझेल जाऊन त्याच्या हाती हजारभर उरतात. ७,२५० म्हणजे सात फेऱ्यांची कमाई, वर गाडी दोन दिवस उभी. महिन्याचा हप्ता कुणासाठी थांबत नाही. पुण्यात एसीत बसून "सेफ्टी फर्स्ट रे दादा" म्हणणं फार सोपं आहे, म्हणून मी ते म्हटलं नाही. त्याच्या मिस्त्रीला फोन लावून एकेक ओळ विचारली.

मागच्या डाव्या चाकाचा सिलिंडर गळत होता, शू तेलाने ओले झाले होते. लायनर एकदा तेल प्यायला की घासून, जाळून कशानेच पूर्वीसारखा पकडत नाही. जुना गळका सिलिंडर तसाच ठेवून नवे शू बसवले असते, तर महिन्याभरात तेही ओले झाले असते आणि १,४०० रुपये पाण्यात. म्हणजे सिलिंडरचे १,३०० वाचवण्यासाठी शूचे १,४०० घालवायचे. ऑइल सीलचं तसंच. एक्सलचं तेल ड्रममध्ये उतरलं की फळ तेच. ड्रमला आतून कड आली होती, तिच्यावर नवा शू पूर्ण टेकत नाही, म्हणून टर्निंग. ही ओळ मला आधी फुकटची वाटली होती, पण सहाशेच्या मानाने तिचं काम मोठं आहे.

पुढच्या डिस्क मात्र बदलायच्या नव्हत्या. जोडीचे पाच हजार आणखी लागले असते. मिस्त्रीने व्हर्नियर लावून जाडी मोजली. किती जाडीपर्यंत चालते ते बहुतेक डिस्कवरच कोरलेलं असतं. अजून जागा होती, तर त्याने त्या लिहिल्याच नाहीत. असा मिस्त्री ज्या गावात आहे त्या गावाचं भाग्य. उगाच डिस्क गळ्यात मारणारेही असतात आणि दोनशेचे नकली पॅड घालणारेही.

ब्रेक ऑइलबद्दल थोडं सविस्तर, कारण सगळ्यात जास्त दुर्लक्ष त्याच्याकडे होतं. हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं. नवं डॉट ३ ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी शोषलेलं मात्र १४० अंशांच्या आसपासही उकळू शकतं. भरलेली गाडी उतारावर सतत ब्रेक दाबत आली की चाकांपाशी उष्णता चढते, ऑइलची वाफ होते, आणि वाफ दाबली जाते. पेडल सरळ तळाला. म्हणून दोन वर्षांनी ते बदलायचं, आणि घाटात ब्रेकवर नाही, गिअरवर उतरायचं. जुलै २०२२ मध्ये कुरुंद्यात पुराचं पाणी शिरलं, तेव्हा गाड्याही पाण्यात होत्या. दादाने गाडी धुतली, इंजिन ऑइल बदललं, सीट वाळवल्या. ब्रेक ऑइल तेव्हापासून तेच. मिस्त्रीने काढलं तेव्हा चहासारखं काळपट निघालं.

अजून एक गंमत, खरं तर गंमत नाही. जास्त माल भरता यावा म्हणून पिकअपला मागे एखादा पाटा वाढवतात, आमच्याकडे सर्रास. पण अनेक पिकअपमध्ये मागच्या एक्सलजवळ एक व्हॉल्व्ह असतो. पाटे किती दबले यावरून तो गाडीत वजन किती ते ओळखतो आणि मागच्या चाकांना तेवढा दाब सोडतो. पाटा वाढवला की गाडी दबत नाही, व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे. माल दोन टन, आणि मागचा ब्रेक रिकाम्या गाडीचा! त्यात वेगाचं गणित वेगळंच. ४० ऐवजी ६० ने गेलात तर वेग दीडपट होतो, पण ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जा सव्वादोन पट.

आता तुमचा यात काय संबंध, तुम्ही तर मेट्रोने जाता. संबंध असा, की श्रावणात, महाशिवरात्रीला, गावच्या जत्रेला आपणच या गाड्यांत बसतो. कुरुंद्याहून औंढा नागनाथाला आणि नरसी नामदेवला जाणारे कितीतरी जण पिकअपच्या हौद्यात उभे असतात. ११ ऑगस्ट २०२५, श्रावणी सोमवार. पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यात पापळवाडीच्या बायका पिकअपमधून कुंडेश्वराच्या दर्शनाला निघाल्या होत्या. घाटाच्या चढावर गाडी मागे आली आणि दरीत कोसळली. किमान दहा जणी गेल्या. त्या गाडीचे ब्रेक कसे होते यावर मी काही बोलणार नाही, तो तपासाचा विषय. पण मालासाठी बनवलेल्या हौद्यात माणसं भरली की धरायला काही नसतं, वजन हलतं राहतं, आणि चढावर थांबून पुन्हा निघायचं तर पायब्रेक आणि हँडब्रेक दोन्ही ठणठणीत लागतात. आणि मालगाडीत असे बसलेल्या प्रवाशांची भरपाई विमा कंपनीवर येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सांगितलंय. म्हणजे अपघात झाला तर ते ओझं दादासारख्या मालकाच्या अंगावर.

दसऱ्याला त्याच गाडीला आपण हार घालतो, चाकाखाली लिंबू ठेवतो, नारळ फोडतो. मला ते आवडतं, त्यात मी काही काढत नाही. शस्त्राची, अवजाराची पूजा ही आपल्याकडे कृतज्ञताच आहे. फक्त ज्या चाकाखाली लिंबू ठेवलं त्याच्या आत काय आहे हे वर्षातून एकदा उघडून पाहणं, हाही पूजेतलाच एक उपचार मानायला काय हरकत आहे? सरकार आठ वर्षांपर्यंतच्या मालगाडीला दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस मागतं. दादाची गाडी कधीच आठ ओलांडून गेली आहे. त्या एका दिवसापुरते ब्रेक नीट करून आणणारे मी पाहिलेत.

कठोपनिषदात पुढे येतं ते अविवेकी सारथ्याबद्दल, ज्याचं मन कधीच आवरलेलं नसतं. यातला "कधीच" मला महत्त्वाचा वाटतो. लगाम संकटाच्या क्षणी घट्ट धरून भागत नाही, तो रोजचा हातात असावा लागतो. जपाचंही असंच आहे म्हणतात, आणि माझ्या अल्प अनुभवात ते खरं आहे.

पैशाचं शेवटी असं ठरलं. ३,८०० दादाचे, उरलेले ३,४५० मी पाठवले. त्याला ते उसने हवे होते, म्हणून उसनेच, हळद विकली की देईल. पार्ट पक्क्या बिलाचे घ्यायला सांगितले. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या सुट्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, तो फायदा बिलात दिसायला हवा.

काम परवा झालं. चारही चाकांची हवा काढली, हँडब्रेक आवळला. नवे लायनर ड्रमला बसेपर्यंत दोनशेक किलोमीटर जोराचा ब्रेक मारायचा नाही आणि पूर्ण माल भरायचा नाही असं मिस्त्रीने बजावलंय. सध्या दादा अर्धी गाडी भरून वसमतला जातोय. काल फोनवर म्हणाला, "पेडल आता वरच लागतंय रे, पाय फसल्यासारखं वाटतंय."