संगणक किती खेळ्या पुढचे पाहतो?

बुद्धिबळ खेळताना आपण मनाशी म्हणतो, ‘मी हे खेळलो तर तो ते खेळेल, मग मी अमुक खेळेन.’ संगणकही हेच करतो. एका बाजूच्या एका खेळीला आपण ‘अर्धखेळी’ म्हणू. संगणक जितक्या अर्धखेळ्या पुढचे पाहतो, ती त्याच्या शोधाची खोली. खोली वाढली म्हणजे खेळ किती सुधारतो?

समजा, प्याद्याला १ गुण, घोड्याला व उंटाला ३, हत्तीला ५ आणि वजिराला ९ गुण दिले. तुमच्या घोड्याला प्रतिपक्षाचे प्यादे मारता येते, पण त्याला दुसऱ्या प्याद्याचा जोर आहे. एकच अर्धखेळी पाहणारा संगणक १ गुणाच्या लोभाने प्यादे मारील. दोन पाहणाऱ्याला मात्र कळेल, की १ मिळवून ३ गमवावे लागतात.

आकड्यांची अडचण

डावाच्या आरंभी पांढऱ्याला २० खेळ्या शक्य असतात : १६ प्याद्यांच्या, ४ घोड्यांच्या. काळ्यालाही तितक्याच. म्हणजे दोन अर्धखेळ्यांचे ४०० प्रकार झाले. तीनांचे ८,९०२ आणि चारांचे १,९७,२८१ होतात! डावाच्या मध्यात दर वेळी ३० खेळ्या धरल्या, तर सहा अर्धखेळ्यांसाठी ३० चा सहावा घात, म्हणजे ७२ कोटी ९० लाख स्थिती तपासाव्या लागतील.

यावर एक सुंदर युक्ती आहे. तुमची पहिली खेळी पूर्ण तपासली. तिच्यात बरोबरी राहते. दुसऱ्या खेळीला पहिलेच उत्तर असे सापडले, की तुमचा वजीर जातो. मग उरलेली उत्तरे पाहायची कशाला? ती खेळी बाद! नशीब उत्तम असेल, तर ४०० ऐवजी पहिल्या खेळीची २० उत्तरे आणि बाकीच्या १९ खेळ्यांचे एकेक, अशा ३९ स्थिती पुरतात. वरच्या ७२ कोटींच्या जागी ५३,९९९ उरतात. प्रत्यक्षात काम या दोहोंच्या मध्ये असते. म्हणून चांगल्या खेळ्या आधी तपासणे फार महत्त्वाचे.

खोली आणि बळ

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन व जो कॉन्डन यांनी ‘बेल’ हे बुद्धिबळ-यंत्र बनवले. ते सेकंदाला सुमारे १,६०,००० स्थिती तपासत असे. १९८० च्या दशकाच्या आरंभी थॉम्पसन यांनी वेगवेगळ्या खोलीची बेल एकमेकांशी लढवली. कमी खोलीवर एकेका जादा अर्धखेळीने एलो गुणांकन २०० हून अधिक वाढले. २०० गुणांचे अंतर म्हणजे चार डावांत सुमारे तीन गुण! मात्र खोली वाढत गेली तशी ही वाढ कमी झाली. कारण उघड आहे. आणखी खोल पाहूनही पुष्कळदा आधीचीच खेळी उत्तम ठरते.

क्षितिजापलीकडे

खोली ठरावीक असली की एक विचित्र दोष येतो. उंट वाचत नाही असे दिसले, की संगणक मध्येच प्यादी बळी देतो. प्रतिपक्ष ती मारण्यात गुंततो, उंट जाण्याची वेळ शोधाच्या सीमेपलीकडे सरकते आणि संगणकाला वाटते, उंट वाचला! हान्स बर्लिनर यांनी १९७३ मध्ये याला ‘क्षितिज परिणाम’ असे नाव दिले. उपाय असा, की मारामारी चालू असताना शोध थांबवायचा नाही. पट शांत झाल्यावरच गुण मोजायचे.

१९९७ मध्ये कास्पारोव्हला हरवणारा ‘डीप ब्ल्यू’ सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती पाहत होता. पण २०१७ मध्ये ‘अल्फाझीरो’ने सेकंदाला सुमारे ८० हजारच स्थिती पाहून, सुमारे ७ कोटी पाहणाऱ्या ‘स्टॉकफिश’ला १०० पैकी २८ डावांत हरवले आणि स्वतः एकही डाव गमावला नाही. स्वतःशी खेळून तो स्थितीची पारख शिकला होता. म्हणजे किती दूर पाहतो याइतकेच, जे दिसते ते किती अचूक जोखतो, हेही महत्त्वाचे.

करून पाहा : दोन्ही बाजूंना ३५ खेळ्या शक्य आहेत. दोन अर्धखेळ्यांचे प्रकार किती? उत्तम नशीब असेल तर किती तपासावे लागतील? दुसरे उत्तर ६९ आले, तर युक्ती तुम्हांला समजली!