फरशी तापवायची की जमीन?

लीड्सच्या घरात तळमजल्यावरची बाथरूम नव्याने केली, तेव्हा फरशीखाली इलेक्ट्रिक हीटिंग घातलं ते सासूबाईंसाठी. त्या सांगलीहून हिवाळ्यात यायच्या होत्या आणि गार फरशीवर त्यांना पाय टेकवत नाही. "आता रेडिएटर कशाला हवा?" म्हणून फिटरने तोही काढून टाकला.

सासूबाई लोकरी मोजे चढवून बाथरूमला जात. थर्मोस्टॅट २७ वर, फरशीचा आकडा १९ च्या पुढे हलेना, आणि हीटिंगची खूण मात्र अखंड पेटलेली. फोन केला की फिटरचं ठरलेलं उत्तर : "यॉर्कशरची थंडी आहे मॅडम, दिवसभर चालू ठेवा." ठेवलं. इथे विजेचं युनिट गॅसच्या जवळपास चौपट पडतं. बिलाचं काय झालं असेल ते सांगायला नको. एकदा आला, तळहात टेकवला, म्हणे, "मला तर छान उबदार लागतंय." बाहेरच्या गारठ्यातून आलेल्या हाताला काय, भिंतही उबदार लागेल!

मग दाराशी बसवलेली धातूची पट्टी सैल झाली म्हणून उचलली, आणि फरशीची कड उघडी पडली. खाली काँक्रीट, त्यावर टाइल ॲडेसिव्हचा करडा थर, त्यात वायरीचं वळण, वर टाइल. संपलं. काँक्रीट आणि वायरीच्या मध्ये १० मिलिमीटरचा इन्सुलेशन बोर्ड हवा, तो नाहीच. फिटरच्या बिलात मात्र त्याची स्वतंत्र ओळ, आणि आम्ही ते पैसे चुकते केलेले. म्हणजे इतके दिवस आम्ही घराखालची जमीन तापवत होतो. यावर तो काय म्हणाला? "बोर्ड टाकला असता तर दाराशी पायरी झाली असती." परस्पर ठरवलंस, वर पैसेही ठेवून घेतलेस! आता बोर्डाचे पैसे परत देतो म्हणतोय, तेही उपकार केल्यासारखे. टाइल उखडल्या की वायर तुटणार, त्याचं काय?

तुम्ही हे करणार असाल, तर बोर्ड अंथरल्यावर, वायरीची मॅट टाकण्याआधी फोटो मागाच. रेडिएटर किंवा टॉवेल रेल काढू देऊ नका. टब, शॉवर ट्रे, कपाट यांच्याखाली मॅट टाकत नाहीत. लहान बाथरूममध्ये उरते जेमतेम दोन चौरस मीटर जागा. चौरस मीटरला १५० वॅटच्या मॅटने झाले ३०० वॅट. त्यात पाय शेकतात, खोली नाही. वायरीचा रेझिस्टन्स मॅट टाकण्याआधी, टाकल्यावर आणि टाइल बसल्यावर मोजून लिहून घ्या. सेन्सर नळीतूनच घालायला लावा, म्हणजे बिघडला तर फरशी न फोडता ओढून काढता येतो. जोडणी नोंदणीकृत इलेक्ट्रिशियनकडून, सर्टिफिकेटसह. दोन-तीन कोटेशनं घ्या, गोड बोलण्यावर जाऊ नका, वगैरे तुम्हाला ठाऊकच आहे.

आणि काँक्रीट खोदायचं नसेल तर दाराशी उंची वाढणारच. "वाढणार नाही" असं फिटर म्हणाला, तर तो नेमकं काय गाळणार आहे ते तिथेच विचारा.