घटक ४ : प्रत्यय आणि स्थान – मराठी भाषकासाठी इंग्रजी वाक्यरचनेची ओळख

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अध्ययनानंतर आपल्याला –
• मराठी व इंग्रजी वाक्यांतील मूलभूत भेद सांगता येईल.
• प्रारंभिक इंग्रजीतील काही नेहमीच्या चुकांची कारणमीमांसा करता येईल.
• मराठी व्याकरणाच्या ज्ञानाचा इंग्रजी शिकताना उपयोग करता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण मराठीतील विभक्ती आणि प्रयोग यांचा अभ्यास केला. आता त्याच ज्ञानाच्या आधारे आपण इंग्रजीकडे पाहणार आहोत. आपल्यापैकी अनेक जण नोकरी, शेती किंवा घर सांभाळून, शिक्षणात पडलेल्या खंडानंतर पुन्हा अभ्यासाकडे वळले आहेत. 'मला व्याकरणच येत नाही' अशी त्यांच्यातील कित्येकांची समजूत असते. ही समजूत निराधार आहे. मराठी बोलणारी प्रत्येक व्यक्ती एक गुंतागुंतीचे व्याकरण रोज अचूकपणे वापरत असते. प्रश्न असतो तो एका व्यवस्थेकडून दुसऱ्या व्यवस्थेकडे जाण्याचा.

या दोन व्यवस्थांची तुलना नवी नाही. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे मराठी व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले. त्याच्या मांडणीवर इंग्रजी व्याकरणाचा प्रभाव होता. पुढे रॉबर्ट लॅडो यांनी १९५७ मध्ये मातृभाषा व नवी भाषा यांच्या पद्धतशीर तुलनेचा शैक्षणिक उपयोग मांडला. या पद्धतीला 'व्यतिरेकी विश्लेषण' म्हणतात.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ कर्ता कसा ओळखावा?

पुढील वाक्ये पाहा :
(१) शिपाई चोराला पकडतो.
(२) चोराला शिपाई पकडतो.

शब्दांचा क्रम बदलला, भर बदलला. परंतु पकडणारा कोण, हे बदलले नाही. 'चोराला' यातील 'ला' हा प्रत्यय चोराची भूमिका निश्चित करतो. आता इंग्रजी वाक्य घेऊ : 'द पोलीसमन कॅचेस द थीफ'. यातील दोन नामांची अदलाबदल केली, तर 'द थीफ कॅचेस द पोलीसमन' असे वाक्य होते आणि चोरच शिपायाला पकडतो! इंग्रजी नामाला कर्त्याचा किंवा कर्माचा प्रत्यय नसतो. क्रियापदाच्या आधीचे स्थान कर्त्याचे व नंतरचे स्थान कर्माचे, ही तेथील सर्वसामान्य व्यवस्था आहे.

थोडक्यात, मराठीत जे काम मुख्यतः प्रत्यय करतो, ते इंग्रजीत स्थान करते. मराठीत निर्जीव कर्म अनेकदा प्रत्ययाविना येते ('सीता आंबा खाते'). तेथे अर्थ आणि क्रियापदाचे रूप आपल्याला साहाय्य करतात.

इंग्रजी पूर्वीपासून अशी नव्हती. प्राचीन इंग्रजीत नामांना विभक्तीची रूपे होती. ती कालांतराने झिजली आणि शब्दक्रम अधिकाधिक स्थिर झाला. 'ही' व 'हिम' या सर्वनामांत त्या जुन्या व्यवस्थेच्या खुणा आजही दिसतात.

४.२.२ कर्त्याची जागा रिकामी राहत नाही

'उद्या येतो' हे मराठीत पूर्ण वाक्य आहे. 'मी' हा कर्ता क्रियापदाचे रूप आणि संदर्भ यांवरून समजतो. इंग्रजीत मात्र 'आय' म्हणावेच लागते. कर्ता खरोखर कोणी नसला, तरी ती जागा भरावी लागते. 'पाऊस पडत आहे' याचे इंग्रजी 'इट इज रेनिंग' असे होते. येथील 'इट' कोणत्याही वस्तूचा निर्देश करीत नाही. तो केवळ कर्त्याची जागा राखतो. आज्ञार्थी वाक्य हा याला अपवाद होय.

मराठीत अनुभव घेणारी व्यक्ती बहुधा 'ला' प्रत्यय घेऊन येते. इंग्रजीत तीच व्यक्ती कर्त्याच्या जागी जाते :
• मला भूक लागली आहे – आय अॅम हंग्री.
• मला ताप आहे – आय हॅव अ फीव्हर.
• मला दोन बहिणी आहेत – आय हॅव टू सिस्टर्स.
• मला मराठी येते – आय नो मराठी.

मराठीतील एकाच रचनेसाठी इंग्रजीत येथे तीन निरनिराळी क्रियापदे आली. म्हणूनच अशी वाक्ये शब्दाला शब्द ठेवून भाषांतरित करू नयेत.

४.२.३ क्रियापद कोणाचे ऐकते?

'सीतेने आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, केळे खाल्ले.' कर्मणी प्रयोगात क्रियापद कर्माच्या लिंगाप्रमाणे बदलते. इंग्रजीत तिन्ही ठिकाणी 'एट' हे एकच रूप येते. इंग्रजी क्रियापद कर्माप्रमाणे बदलत नाही आणि त्याला लिंगभेदही नाही.

साध्या वर्तमानकाळात तृतीयपुरुषी एकवचनी कर्ता असल्यास मात्र क्रियापदाला 'एस' लागतो : 'द बॉय प्लेज', पण 'द बॉइज प्ले'. जातो, जाते, जातोस, जातात ही रूपे सहज योजणारे आपण नेमका हा एकच प्रत्यय विसरतो. एक कारण असे की, नामाला लागणारा 'एस' अनेकवचन दाखवतो, तर क्रियापदाला लागणारा 'एस' एकवचनी कर्त्याची खूण असतो. हा 'एस' इंग्रजी मातृभाषा असलेली मुलेही प्रारंभी गाळतात. त्यामुळे प्रत्येक चुकीचे खापर मातृभाषेवर फोडणे योग्य नाही.

४.२.४ प्रश्नरचना

'तू येत आहेस' या वाक्याला 'का' जोडला की मराठीत प्रश्न तयार होतो. इंग्रजीत येथेही स्थानच बदलते : 'यू आर कमिंग' – 'आर यू कमिंग?' सहायक क्रियापद कर्त्याच्या आधी जाते. 'व्हॉट यू आर डूइंग?' या चुकीच्या रचनेत हीच पायरी राहून जाते.

४.२.५ उपपदे

मराठीत 'अ' आणि 'द' यांसारखी उपपदे नाहीत. तरी त्यांमागील कल्पना आपल्याला परकी नाही. 'एक होता राजा. राजाला दोन राण्या होत्या.' पहिल्या उल्लेखात 'एक' आला. दुसऱ्या वेळी राजा परिचित झाल्याने तो गळला. इंग्रजीत प्रथम 'अ किंग' आणि नंतर 'द किंग' असे म्हणतात. सर्व उपयोग यात सामावत नाहीत. परंतु आरंभासाठी नवे व परिचित हा भेद पुरेसा आहे.

आपली प्रगती तपासा

पुढील वाक्ये दुरुस्त करा व कारण सांगा :
(अ) इज रेनिंग.
(आ) माय ब्रदर गो टू स्कूल.
(इ) व्हेअर यू आर गोइंग?

उत्तरे : (अ) इट इज रेनिंग – कर्त्याची जागा रिकामी होती. (आ) माय ब्रदर गोज टू स्कूल – कर्ता तृतीयपुरुषी एकवचनी आहे. (इ) व्हेअर आर यू गोइंग? – सहायक क्रियापद कर्त्याच्या आधी हवे.

४.३ समारोप

मराठीत प्रत्ययांना आणि इंग्रजीत स्थानाला विशेष महत्त्व आहे, हे या घटकाचे मुख्य सूत्र आहे. पिट कॉर्डर यांनी १९६७ मध्ये दाखवून दिले की, शिकणाऱ्याच्या चुका त्याच्या मनात आकार घेणाऱ्या नियमांची साक्ष देतात. तेव्हा चूक झाली म्हणून वही मिटू नका. 'येथे मी मराठीचा कोणता नियम लावला?' असा प्रश्न स्वतःला विचारा. त्याचे उत्तर मिळाले, की इंग्रजीचा नियम तर कळेलच. शिवाय आजवर नकळत वापरलेला मराठीचा नियमही स्पष्ट होईल.

४.४ सरावासाठी स्वाध्याय

१. 'मला' या शब्दाने सुरू होणारी पाच मराठी वाक्ये लिहून त्यांचे इंग्रजीत भाषांतर करा. प्रत्येक वाक्यात कर्त्याच्या जागी काय आले, ते नोंदवा.
२. मराठी व इंग्रजी क्रियापदांच्या रूपांची उदाहरणांसह तुलना करा.
३. आपल्या परिसरात ऐकू येणाऱ्या इंग्रजी वाक्यांतील तीन चुका निवडून, त्या मराठीच्या प्रभावातून आल्या आहेत किंवा कसे, याची चर्चा करा.