साहेब बदलले, पगार तोच. मग मन का उतरतं?

प्रश्न : आमचा कारखाना रायापूरच्या औद्योगिक वसाहतीत आहे. गेल्या वर्षी जुने जनरल मॅनेजर निवृत्त झाले आणि बाहेरून नवे साहेब आले. पगार कमी झाला नाही, कुणाला काढलं नाही, मशीनंही तीच. तरी शॉपवर पूर्वीची हवा राहिली नाही. चांगले फिटर, टर्नर दुसरीकडे चौकशा करू लागलेत. जेवणाच्या सुट्टीत एकच ऐकू येतं, 'जुने साहेब असते तर...' मी सुपरवायझर, दोन्हीकडचं ऐकून घेतो. एक माणूस बदलल्यानं एवढ्या जणांचं मन कसं उतरतं?
ता. क. शिगी हुण्णिमेला जुने साहेब दुपारनंतर शेतावर जायला सोडायचे. यंदा आठ दिवस आधी रजेचा अर्ज मागितला. नियमानं बरोबरच आहे, पण तेव्हापासून जे बिनसलं ते बिनसलंच.
— एक वाचक, रायापूर (हुबळी-धारवाड)

उत्तर : निम्मं उत्तर तुमच्या ताज्या कलमातच आहे. धारवाडच्या आसपासच्या खेड्यांतून कामाला येणाऱ्या अनेकांचा एक पाय अजून शेतात असतो. कोजागरीच्या त्या पौर्णिमेला उभ्या पिकाची पूजा करायची, शेतभर चरग म्हणजे नैवेद्य शिंपडायचा, आणि घरच्या कर्त्या माणसानं तिथे असायचं, हा शिरस्ता. ती अर्ध्या दिवसाची मोकळीक कुठल्याही करारात लिहिलेली नव्हती. पण महिनाअखेरीला माल निघायचा असला की तुमची हीच माणसं कुणी न सांगता थांबतही असतील. हे देणंघेणं कागदावर नसतं, दोन्ही बाजूंच्या ध्यानात असतं. साहेब गेले की त्यातली एक बाजूच उठून जाते. नव्यांसमोर राहतो तो फक्त कागद. ते म्हणतात, मी नियम पाळला. कामगार म्हणतो, यांनी शब्द मोडला. दोघंही आपापल्या जागी खरे असतात, म्हणून तर हे भांडण चिघळतं.

आल्विन गोल्डनर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं नेमका हाच प्रकार जवळून पाहिला. १९५४ साली आलेली त्याची दोन पुस्तकं एका जिप्सम खाणीवर आणि तिला लागून असलेल्या कारखान्यावर आहेत. तिथला जुना मॅनेजर उशिरा आलेल्याला बोलत नसे, घरच्या कामाला हत्यारं नेऊ देई, दुखापत झालेल्याला हलकं काम देई. तो गेला आणि मुख्य कचेरीनं 'उत्पादन वाढवा' असं बजावून दुसरा पाठवला. पुस्तकात त्याचं बदललेलं नाव पील असं आहे. मासे मारायला खाणीतला थोडा डायनामाइट नेणं तिथे चालून जायचं. पीलनं अशाच एकाला थेट कामावरून काढलं. तोवर ज्याला कुणी चोरी म्हणत नव्हतं, ती एका दिवसात चोरी ठरली.

मला गोल्डनरचं पटतं ते पुढचं. पीलला तो खलनायक ठरवत नाही. नवा माणूस एकटा असतो. खरं कोण सांगतं, पोटात काय ठेवून कोण बोलतं, हे त्याला ठाऊक नसतं. वरून आकड्यांचा तगादा असतो. मग तो हुकूम, रजिस्टर आणि अहवाल यांचा आधार घेतो, जमल्यास फोरमनही आपल्या पसंतीचे नेमतो. इकडे जुन्या मॅनेजरची आठवण दिवसेंदिवस मोठी होत जाते. तो खुर्चीवर होता तेव्हा त्याच्याबद्दल कुरकुरणारेही आता त्याचे गोडवे गातात. डाफ्ने द्यु मोरिएच्या कादंबरीतल्या रिबेका या मृत पहिल्या पत्नीवरून गोल्डनरनं या प्रकाराला नाव दिलं. तुमच्या जेवणाच्या सुट्टीत चालतं ते हेच. पीलच्या कडक नियमांपुढे जमिनीवरच्या कारखान्यातले कामगार नमले. खाणीत मात्र, जिथे जीव एकमेकांच्या भरवशावर असतो, ते नियम कधी रुजलेच नाहीत. पुढे १९५० मध्ये त्या कंपनीत संप झाला, तोही युनियनच्या संमतीशिवाय.

आपल्याकडचं उदाहरण पुण्याच्या टेल्कोचं, टाटांच्या मोटार कंपनीचं. सुमंत मुळगावकरांनी पिंपरीचा तो कारखाना अक्षरशः उजाड माळावर उभारला, झाडं लावली, शिकाऊ कामगारांच्या प्रशिक्षणावर जीव ओतला. (तुमच्या हुबळीच्या बी. व्ही. भूमरड्डी कॉलेजात शिकलेल्या सुधा कुलकर्णी, म्हणजे आजच्या सुधा मूर्ती, 'स्त्रियांनी अर्ज करू नये' अशी जाहिरात वाचून जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड धाडून रुजू झाल्या, ती कंपनी हीच.) १९८८ च्या अखेरीस मुळगावकरांच्या जागी रतन टाटा अध्यक्ष म्हणून आले. कामावरून काढलेले युनियन नेते राजन नायर आणि व्यवस्थापन यांचं आधीच बिनसलेलं होतं. पुढच्या वर्षी मार्चमध्ये शहरात अधिकाऱ्यांवर हल्ले झाले. जुलैत मुळगावकरांचं निधन झालं. सप्टेंबरात सुमारे तीन हजार कामगार शनिवारवाड्यावर उपोषणाला बसले आणि महिनाअखेरीस एका मध्यरात्री पोलिसांनी त्यांना उचललं. याचं सगळं खापर खुर्चीबदलावर फोडणं अन्याय होईल. पगारवाढीची मागणी होती, युनियनमधली चढाओढ होती. पण रतन टाटांनीच नंतर कबुली दिली की आम्ही कामगारांना गृहीत धरलं होतं, त्यांच्यासाठी करता येण्याजोगं सगळं करतो आहोत असं मानून चाललो होतो. चांगल्या साहेबांच्या हाताखाली वर्षानुवर्षं सुरळीत चाललेल्या कारखान्यालाच हा धोका जास्त असतो, असं मला वाटतं. तिथे माणसांशी बोलत राहण्याची गरज कुणाला भासत नाही, आणि साहेब बदलल्यावर बोलायला वाटच उरलेली नसते.

उलटंही होतं. इन्फोसिसमध्ये २०१४ साली विशाल सिक्का हे संस्थापकांबाहेरचे पहिले सीईओ आले. त्या सुमारास माणसं भराभर सोडून चालली होती. वर्षभरात ठरावीक पोशाखाची सक्ती गेली आणि तरुणांना हायसं वाटलं. नव्या माणसाला जुन्या रिवाजांचं ओझं नसतं, हा त्याचा फायदा. पुढे संस्थापक आणि संचालक मंडळ यांच्यात ठिणगी पडली, २०१७ मध्ये सिक्कांनी राजीनामा दिला आणि नंदन निलेकणी अध्यक्ष म्हणून परतले, ती गोष्ट निराळी.

आता तुम्ही काय करायचं. जुन्या साहेबांचं सगळंच राखण्यासारखं असेल असं नाही. मर्जीतल्यांना ओव्हरटाइम, गॉगल न घालता ग्राइंडरवर काम, असलं काही चालत असेल तर नव्या साहेबांनी ते मोडणं योग्यच, आणि ते तुम्हीही कामगारांना स्पष्ट सांगा. पण बाकीच्या न लिहिलेल्या गोष्टी साहेबांना कोण सांगणार? कामगार सांगणार नाही, त्याला ती तक्रार वाटेल. युनियन सांगेल ती मागणी म्हणून. राहता तुम्हीच. केबिनमध्ये नको, शॉपवर राउंडला आले की सांगा : अमुक सवलत होती आणि तिच्या बदल्यात आपल्याला हे मिळत होतं. दुसरा भाग विसरू नका. नुसती सवलत सांगितली तर ती ढिलाई वाटते, मोबदल्यासकट सांगितली की हिशेब वाटतो. ठेवायची की नाही ते साहेब ठरवतील. मात्र बंद करायची तर ती आधी, कारण सांगून आणि त्यांच्याच तोंडून बंद व्हावी एवढा आग्रह धरा. नोटीस बोर्डावर चिकटवलेला कागद वाचून माणसाला आपण परके झालो असं वाटतं. आणि चौकशा करणाऱ्या फिटरांशी या आठवड्यातच बोला. ते पगारासाठी निघालेत की आपल्या कामाची कदर राहिली नाही म्हणून, हे साहेबांपर्यंत आत्ता पोचलं तर त्यांना काही करता येईल.