गोळी न लागलेल्या जखमा

गोळी लागलेल्या जवानाला ही जखम कुठून आली असं कुणी विचारत नाही. एक्स-रेत तुकडा दिसतो, हॉस्पिटलच्या कागदावर कारण लिहिलेलं असतं, फाइल सरळ पुढं जाते. हाल होतात ते बाकीच्यांचे. चकमकीत कुणाचा गुडघा जातो, कुणाचा कान जातो, कुणी जखमी साथीदाराला पाठीवर घेऊन डोंगर उतरतो आणि पाठ कायमची धरते. पेन्शनच्या वेळी या सगळ्यांपुढं एकच प्रश्न येतो: हे लढाईत झालं, कशावरून?

मी पायदळातून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. सातारा जिल्ह्यात आमच्याकडं घरटी एक फौजी म्हटलं तरी चालेल, त्यामुळं आता दर आठवड्याला कुणीतरी पिशवीत कागद घालून ओट्यावर येऊन बसतं. माझे कागद उभे करताना जे कळलं तेच मी त्यांना सांगतो.

आधी पैशाचं समजून घ्या. अपंगत्वाचं पेन्शन म्हणजे सगळं एकच, असं पुष्कळांना वाटतं. संरक्षण मंत्रालयाच्या ३१ जानेवारी २००१ च्या पत्रात अपंगत्वाच्या कारणांचे ए पासून ई पर्यंत पाच वर्ग केलेत. ए म्हणजे नोकरीशी संबंध नसलेलं नैसर्गिक कारण. बी म्हणजे नोकरीच्या परिस्थितीनं जडलेला किंवा बळावलेला आजार. सी म्हणजे ड्यूटीवरचा अपघात. पुढं डी आणि ई मध्ये हिंसाचार, अतिरेकी आणि शत्रू येतात. शत्रूशी लढाई, सीमेवरची चकमक, सुरुंग पेरताना वा काढताना झालेला स्फोट, अतिरेक्यांविरुद्धची कारवाई, सरकारनं खास जाहीर केलेली ऑपरेशन्स, हे सगळं ई मध्ये. बी आणि सी ला साधा अपंगत्वाचा भाग मिळतो, ई ला युद्धजखमेचा. मुदत भरून निवृत्त झालेल्यांसाठी १०० टक्के अपंगत्वाला साधा भाग शेवटच्या पगाराच्या ३० टक्के, तर युद्धजखमेचा ६० टक्के. म्हणजे गुडघा तोच, टक्केवारी तीच, पण कागदावर सी आहे की ई यावर महिन्याची रक्कम दुप्पट होते.

माझा कागद सी म्हणत होता.

कुपवाड्याकडं रात्रीच्या गस्तीवर आमच्यावर फायरिंग आलं. पोझिशन घ्यायला मी शेताच्या दगडी बांधावरून खाली उडी टाकली, पाय घसरला आणि उजवा गुडघा आतल्या बाजूला मुडपला. थोड्याच वेळात जवळ ग्रेनेड फुटला, त्यानंतर कानात जी शिटी सुरू झाली ती अजून आहे. त्या रात्री आमच्यातल्या एकाच्या मांडीतून गोळी आरपार गेली होती. सगळ्यांचं लक्ष त्याच्याकडं, आणि ते बरोबरच होतं. मी लंगडत का होईना, चालत परत आलो. पुढं इंज्युरी रिपोर्ट भरायची वेळ आली तेव्हा क्लार्कनं विचारलं, "साब, ड्यूटी पे पाँव फिसला, यही लिख दूँ?" कागदावर तेवढंच आलं: ड्यूटीवर असताना पाय घसरून पडला. यात खोटं काही नाही. फक्त पाय का घसरला, कुणाची गोळी चुकवताना घसरला, हे त्यात नाही. त्या एका ओळीवरून मी बॅटल कॅज्युअल्टी (लढाईतला जखमी) न होता फिजिकल कॅज्युअल्टी (साधा जखमी) झालो आणि तशीच पार्ट टू ऑर्डर, म्हणजे पलटणीची अधिकृत नोंद, निघाली.

पलटणीत हे मुद्दाम कुणी करत नाही. बॅटल कॅज्युअल्टी कळवायची म्हटली की वरपर्यंत सिग्नल जातो, चौकशी होते, लिखापढी वाढते. साधी दुखापत दाखवली की काम आटोपतं. शिवाय जवानालाही ती आटोपायलाच हवी असते. लो मेडिकल कॅटेगरी लागली की प्रमोशन अडतं, सेवावाढ अडते, म्हणून बराकीत दुखणं लपवायची रीतच पडून गेलीय. मूव्ह लावून, क्रेप बँडेज बांधून पोरं बीपीईटी, म्हणजे शारीरिक क्षमतेची चाचणी, पळतात. एमआय रूमच्या, म्हणजे पलटणीच्या दवाखान्याच्या, रजिस्टरात नाव येत नाही, आणि वीस वर्षांनी मेडिकल बोर्ड विचारतं, तुम्ही इतकी वर्षं कधी उपचार घेतलेले दिसत नाहीत?

निवृत्तीच्या वेळी माझ्या रिलीज मेडिकल बोर्डानं गुडघा नोकरीमुळं झाला असं मानलं, पण ड्यूटीवरचा अपघात म्हणून. कानाच्या रकान्यात लिहिलं, नोकरीमुळं नाही, नोकरीनं बळावलेलाही नाही. कारण? वयोमान.

इथं एक गल्लत सगळेच करतात. कुणीतरी सांगतं की सुप्रीम कोर्टाचा धरमवीर सिंग निकाल आहे, जुलै २०१३ चा, आता काही सिद्ध करावंच लागत नाही. अर्धं खरं आहे. त्या निकालानं सांगितलं की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर पुढं झालेली हानी नोकरीमुळंच झाली असं धरून चालायचं. तसं नाही म्हणायचं असेल तर ते दाखवायची जबाबदारी सरकारची, आणि मेडिकल बोर्डानं कारण लिहायला हवं. 'वयोमान' एवढा एक शब्द म्हणजे कारण नव्हे. माझ्या कानाला त्याचा फायदा झालाच. पण ही धारणा तुम्हाला नोकरीपर्यंत आणून सोडते. नोकरीपासून लढाईपर्यंतचं अंतर तुम्हालाच कागदानं चालावं लागतं. युद्धजखम म्हणायची तर घटना दाखवावी लागते: कोणतं ऑपरेशन, कोणती तारीख, कोणती जागा, समोर कोण, आणि त्या वेळी तुम्ही तिथं होतात याचा पुरावा. 'आम्ही काश्मीरमध्ये होतो' एवढ्यावर बोर्ड हलत नाही. ऑपरेशनच्या इलाक्यात व्हॉलीबॉल खेळताना मोडलेला पाय म्हणजे युद्धजखम नव्हे, आणि तसा दावा करणारे बाकीच्यांचंही नुकसान करतात, हे माझं मत आहे.

माझी सुटका झाली ती दुसऱ्याच्या कागदानं. मांडीत गोळी लागलेला तो साथीदार आता विदर्भात असतो. त्याचा दावा केव्हाच मंजूर झाला होता. फोनवर बोलता बोलता त्याला विचारलं, तुझ्या कोर्ट ऑफ इन्क्वायरीची प्रत आहे का रे? त्यानं ट्रंकेतून काढून झेरॉक्स पाठवली. त्यात गस्तीची वेळ होती, फायरिंग सुरू झाल्याची वेळ होती, गावाचं नाव होतं, ग्रेनेडचा उल्लेख होता आणि गस्तीतल्या सगळ्यांची नावं होती. माझं नावही त्यात होतं. माझ्या इंज्युरी रिपोर्टवरची तारीख तीच. दोन कागद शेजारी ठेवले की पाय कशामुळं घसरला हे वेगळं सांगायची गरज उरली नाही.

म्हणून ओट्यावर येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिलं विचारतो, त्या दिवशी आणखी कोण जखमी झालं होतं? कुणी शहीद झालं होतं का? कुणाला पदक मिळालं का? पदकाच्या प्रशस्तीत तारीख, जागा आणि कारवाई असते. तुमचे कागद तुम्ही रेकॉर्ड ऑफिसकडं माहितीच्या अधिकारात मागू शकता, दहा रुपयांच्या पोस्टल ऑर्डरवर. पण साथीदाराचे वैद्यकीय कागद तुम्हाला द्यायचे नाहीत म्हणून ऑफिस अडवू शकतं. ते त्यानं स्वतः द्यावे लागतात किंवा त्याच्या नावानं मागवावे लागतात. अर्जात 'माझे सर्व कागद द्या' असं मोघम लिहू नका. इंज्युरी रिपोर्ट, कोर्ट ऑफ इन्क्वायरीची कार्यवाही, त्या महिन्याच्या पार्ट टू ऑर्डर, प्रत्येक मेडिकल बोर्डाची कार्यवाही, भरतीची वैद्यकीय तपासणी, असं एकेक नावानं मागा. 'उपलब्ध नाही' असं उत्तर आलं तर तेही जपून ठेवा, सशस्त्र दल ट्रायब्युनलमध्ये त्याचाही उपयोग होतो.

साथीदारांची प्रतिज्ञापत्रं घ्या, पण एका साच्यातली नकोत. चार जणांच्या प्रतिज्ञापत्रात स्वल्पविरामासकट तोच मजकूर असला की वकिलानं लिहून दिलाय हे वाचणाऱ्याला पहिल्याच मिनिटाला कळतं. ज्याला जेवढं दिसलं तेवढंच त्यानं लिहावं. माझ्या एका साथीदारानं लिहिलं की त्यानं मला पडताना पाहिलं नाही, पण परतताना माझी रायफल त्यानं उचलली. त्या वाक्यावर कुणी आक्षेप घेतला नाही.

नकाराचं पत्र आलं की सहा महिन्यांत पहिलं अपील, तिथंही नकार आला की पुन्हा सहा महिन्यांत दुसरं, आणि मग सशस्त्र दल ट्रायब्युनल. आपल्याला मुंबईचं खंडपीठ आहे. माझ्या दोन्ही अपिलांना छापील वाटावीत अशी उत्तरं आली. ट्रायब्युनलनं मात्र दोन्ही कागद वाचले. गुडघा ई वर्गात गेला. कान नोकरीमुळं गेला हे मान्य झालं, पण युद्धजखम म्हणून नाही, कारण ग्रेनेडनंतर कानाची तपासणी झाल्याची नोंदच नव्हती. पहिला ऑडिओग्रॅम फार उशिराचा. यावर मला भांडता आलं नाही. स्फोटाजवळ असाल तर रक्त आलं नाही तरी आठवड्याच्या आत कान तपासून घ्या आणि कागदावर 'स्फोट' हा शब्द येऊ द्या.

कधी कधी कागद बदललेलाही असतो. काश्मीरमध्ये नियंत्रण रेषेजवळ गस्तीवर असताना २०१३ मध्ये एका जवानाचं भयंकर थंडीत हृदय बंद पडलं. आधी बॅटल कॅज्युअल्टी म्हटलं, नंतर ते फिजिकल कॅज्युअल्टी केलं. त्याच्या पत्नीला लिबरलाइज्ड कुटुंब पेन्शन द्यायचा ट्रायब्युनलचा हुकूम सरकारनं सुप्रीम कोर्टात नेला. डिसेंबर २०२४ मध्ये कोर्टानं पत्नीच्या बाजूनं निकाल दिला आणि सरकारला ५० हजारांचा खर्चही भरायला लावला. घरातल्या बायामाणसांना पहिला सिग्नल कोणता होता हे माहीत असावं, ते यासाठी.

टक्केवारीचंही बघा. बोर्डानं २० ते ४९ टक्के दिले असतील तर ते ५० धरायचे, ५० ते ७५ ला ७५, त्यापुढं १००. हा लाभ मुदत भरून निवृत्त झालेल्यांनाही आहे, असं सुप्रीम कोर्टानं डिसेंबर २०१४ मध्ये राम अवतार प्रकरणात म्हटलंय. तरी जुन्या पीपीओवर, म्हणजे पेन्शनच्या आदेशावर, अजून २० किंवा ३० टक्केच छापलेले मला दिसतात. स्पर्श या पेन्शनच्या पोर्टलवर लॉगिन करून आपली टक्केवारी काय धरलीय ते तपासा.

२१ सप्टेंबर २०२३ पासून निवृत्त होणाऱ्यांना मात्र नवे नियम लागू आहेत आणि ते आधीपेक्षा कडक आहेत. त्यांनी जुन्या निकालांच्या भरवशावर बसू नये. रिलीज मेडिकल बोर्डाच्या फॉर्मचा पहिला भाग जवानानं स्वतः भरायचा असतो. दुखणं कधी, कुठं, कशामुळं सुरू झालं हे त्यात विचारलेलं असतं. क्लार्क तिथं रेघ मारून 'इथं सही करा' म्हणतो. सही करायच्या आधी ते रकाने आपल्या हातानं भरा, जागा कमी पडली तर कागद जोडा आणि त्याचा फोटो काढून घरी पाठवा.

आणि जे जुने आहेत त्यांनी उशीर झाला म्हणून सोडून देऊ नये. पेन्शनचा हक्क दर महिन्याला नव्यानं उभा राहतो, म्हणून ट्रायब्युनल जुनी प्रकरणंही ऐकतं. थकबाकी मात्र सहसा अर्जाआधीच्या तीन वर्षांचीच मिळते. आमच्या शेजारच्या गावात श्रीलंकेच्या ऑपरेशन पवनमधले एक नाना आहेत, खांद्यात छर्रा घेऊन फिरतात. त्यांचा एक्स-रे गेल्या सोमवारी काढला, आता रेकॉर्ड ऑफिसच्या उत्तराची वाट बघतोय.